रुव्हिएचं शेवटचं पान

आंगुलेम, १४ ऑक्टोबर १९९६

आदरणीय केनेल साहेब,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या ‘रुव्हिए’ या चित्रकथेच्या बाराव्या आणि शेवटच्या भागाचं रंगकाम माझ्याकडे आलं आहे, हे संपादक साबीनबाईंनी तुम्हाला कळवलं असेल. आधीचे सगळे भाग तुमच्या दिवंगत पत्नीनं, जिनेटबाईंनी, रंगवले. त्यांच्या जागी बसायचं म्हणून मी सकाळपासून दोनदा ब्रश धुतले आणि रंगाची एकही ट्यूब उघडली नाही.

माझं नाव मातिल्द जुआनी. मी ओब्युसाँची. आई-बाबांनी मला लहानपणी शाळेत घातलं नाही. आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. बाबा भिंतीवरचे गालिचे विणणाऱ्यांसाठी लोकर रंगवतात, रंग मी त्यांच्या कढईपाशी शिकले. घरात चित्रकथा नव्हत्या. ‘रुव्हिए’ मी पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी वाचली, इथल्या ग्रंथालयात, उभ्यानं. एका अख्ख्या पानावर फक्त रुव्हिएचे हात होते. तो बॉयलरमधली काजळी पुसत होता आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं. ते गाणं कधी थांबलं हे तुम्ही दाखवलंच नव्हतं. मी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. ग्रंथपालबाईंनी शेवटी खुर्ची आणून दिली.

एक विचारल्याशिवाय मला काम सुरू करता येणार नाही. गॅसचा बॉयलर तपासणारा माणूस वर्षातून एकदा प्रत्येक घरात येतो. लोक त्याला स्वतः दार उघडतात, कॉफी विचारतात. रुव्हिए त्याच वेषात येतो आणि ज्याची सुपारी घेतली आहे त्याला मारून जातो. मी रंग चांगले लावले, तर लोक ते आवडीनं बघत बसतील. हे योग्य आहे का? आई फोनवर म्हणाली, “माणसं मारणाऱ्याची चित्रं रंगवायला तुला आम्ही एवढं शिकवलं होय गं?”

आणि या भागातल्या ब्लाँदेल आजींच्या स्वयंपाकघरातला पडदा कुठल्या रंगाचा आहे?

आपली नम्र,
मातिल्द जुआनी

*

ल हाव्र, २२ ऑक्टोबर १९९६

कुमारी जुआनी,

आजवर मला वाचकांची पत्रं आली, एका खऱ्या बॉयलरवाल्याची तक्रारही आली, की माझ्यामुळे लोक त्याला कॉफी देईनासे झाले. पण खुन्याच्या पुस्तकात पडद्याचा रंग काय, हे कुणी विचारलं नव्हतं. पडदा पांढरा आणि निळ्या चौकड्यांचा. आमच्याच स्वयंपाकघरातला आहे. माझी बहीण तेरेझ म्हणते, तिला न विचारता मी तो पुस्तकात घातला.

तुमच्या आईला सांगा, की जिनेटनं रक्ताला कधी लाल रंग लावला नाही. मेलेला माणूस ती काळ्यातच राहू देई. तिचा सगळ्यात चांगला रंग जायचा त्या माणसाचं जे अर्धवट राहिलं त्याला. अर्धं सोललेलं सफरचंद, इस्त्रीच्या टेबलावर पडलेली एक बाही. ती म्हणायची, खुनी घरात शिरला की आपण घराकडे बघायचं. आईला हे पटलं नाही तर तेरेझचा फोन नंबर देतो, दोघी मिळून मला शिव्या घालतील.

या भागात रुव्हिएला काही करावंच लागत नाही. भाच्याला फ्लॅट हवा आहे म्हणून त्यानं आजीची सुपारी दिली आहे, पण आजीचा बॉयलर खरोखरच गळतोय. रुव्हिएनं फक्त ‘सर्व ठीक’ म्हणून सही करायची, खिडकी लावून घ्यायची आणि निघायचं. शेवटच्या पानावर तो खिडकी लावतो आणि आपल्याकडे बघतो. आजवर त्याचा चेहरा मी पूर्ण काढला नाही. कधी टोपी, कधी सावली, कधी खांदा आड यायचा. शेवटच्या पानावर समोरून, पूर्ण. त्या एका चेहऱ्यासाठी मी बारा भाग काढले असं म्हटलं तरी चालेल.

ट्यूब उघडा. वाळून जातात.

ओगुस्त केनेल

*

आंगुलेम, ९ डिसेंबर १९९६

आदरणीय केनेल साहेब,

पहिली वीस पानं रंगवून झाली आणि काल मी त्यांच्यावर पहिल्यांदा फिल्म ठेवली.

आमच्याकडे विणकर गालिच्याच्या उलट्या बाजूनं विणतो. महिनोन् महिने त्याला समोर दोऱ्यांच्या गाठीच दिसतात. गालिचा पूर्ण झाला की घरातले सगळे जमतात, जो तो कात्रीनं थोडे थोडे दोरे कापतो, गालिचा मागावरून खाली येतो आणि उलटून पसरला जातो. सगळ्यांचं बघून होईपर्यंत कुणी बोलत नाही. हे काम मला तसंच वाटतं. तुमच्या काळ्या रेघा वेगळ्या पारदर्शक फिल्मवर येतात, माझ्या कागदावर त्यांची फिकट निळी छाया असते. मी त्या छायेवर रंग लावत जाते, आणि फिल्म वर ठेवेपर्यंत मला कळत नाही मी काय केलं आहे.

काल फिल्म ठेवली आणि आजींचं स्वयंपाकघर उभं राहिलं. ओट्यावर अर्ध्या निवडलेल्या शेंगा, त्यांना मी माझ्याकडचा सगळ्यात ताजा हिरवा दिला होता. मागे रुव्हिए, नुसता काळा. मी खोलीत एकटी होते, तरी बोलले नाही.

दोन शंका आहेत. पहिली, पानांसोबतच्या गेल्या काही चिठ्ठ्यांत तुमचं अक्षर एवढं मोठं झालंय, की एका कागदावर तीन ओळी मावतात. माझ्यावर ओरडताय का? मी बॉयलरच्या नळीला तांब्याचा रंग दिला ते चुकलं असेल तर सांगा, पुन्हा करीन. दुसरी, नव्या पानांत रुव्हिएच्या अंगावरच्या रेघा विरळ होत चालल्या आहेत. कोटाला बटणं नाहीत. हे मुद्दाम आहे ना?

मातिल्द

*

ल हाव्र, ६ जानेवारी १९९७

मातिल्द,

आता मी तुला तू म्हणणार. ज्या मुलीला आपल्या शेंगांचा हिरवा पाहून बोलता येत नाही, तिला तुम्ही म्हणायला मला जड जातं.

ओरडत नाही. मोठं अक्षर ही म्हाताऱ्याची ऐट समज. नळीचा रंग ठीक. बटणांचं विचारू नकोस, जे आलं आहे ते रंगव.

पुढची पानं थोडी उशिरा येतील. इथे उजेड फार कमी आहे.

केनेल

*

आंगुलेम, १८ फेब्रुवारी १९९७

आदरणीय केनेल साहेब,

पानं मिळाली. दोन दिवस मी त्यांना हात लावू शकले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं तुम्ही काय करताय.

पानाच्या कडा तुम्ही कधी नव्हे इतक्या बारकाईनं काढल्या आहेत. ओट्याच्या फरशीची चीर, आजींच्या सपातीचा उसवलेला टाका, सगळं आहे. आणि मधोमध, जिथे रुव्हिए असायला हवा, तिथे काही नाही. पान उलटत जावं तसा तो स्वतःच्याच गोष्टीतून पुसला जातो. आधी बटणं गेली, मग हात, मग पाठ. वस्तू त्याच्या जागेपर्यंत येऊन थांबतात, जणू तो तिथे आहे हे त्यांना माहीत आहे. असं करायचं धैर्य कुणाला झालं असतं?

साबीनबाईंना हे दिसत नाही. त्या फोनवर म्हणाल्या, “मातिल्द, पानांना भोकं पडलीत. वाचक दुकानात पुस्तक परत आणून टाकतील.” शेवटच्या पानाचं मूळ चित्र त्यांनी अजून तुमच्याकडून मागवलेलंही नाही. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराकडून मधला माणूस भरून घ्यायचा त्यांचा विचार आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी वाद घातला. शेवटी म्हणाल्या, “बरं, केनेलनं स्वतः लिहून द्यावं की हे असंच हवंय. मार्चअखेरपर्यंत. नाहीतर मी दुसरा माणूस लावणार.”

मोकळ्या जागा मी कोऱ्या ठेवलेल्या नाहीत. खोलीतले रंग मी त्याच्या जागेत जाऊ दिले, शेंगांचा हिरवा, फरशीचा राखाडी, खिडकीतला उजेड. तुम्हाला चालेल ना? कृपया साबीनबाईंना लिहा. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तरी पुरेल.

मातिल्द

*

ल हाव्र, ३ मार्च १९९७

कुमारी मातिल्द,

मी ओगुस्तची बहीण तेरेझ. बंदरावर तीस-बत्तीस वर्षं मासे विकले, पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ लिहिते. तो बाहेर फिरायला गेलाय. त्याला हे माहीत नाही.

त्याचे डोळे गेलेत. सगळे नाही, मधले गेलेत. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो. डॉक्टर म्हणतात, हे आता परत यायचं नाही. साबीनला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. तुला सांगू नको असं म्हणाला नव्हता, तेवढी फट मी वापरते आहे.

तुझं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. “मधोमध काही नाही” इथे आल्यावर तो म्हणाला, “परत वाच.” मी परत वाचलं. म्हणाला, “तेरेझ, मी त्याला काढलंय. प्रत्येक पानावर काढलंय.” मग टेबलाशी जाऊन त्यानं दौत चाचपली. शाईची दौत आणि टाक धुवायचं पाण्याचं भांडं शेजारी शेजारी असतात, चाळीस वर्षं तशीच. हात सवयीनं जातो, आता कधी दौतीत तर कधी पाण्यात. कडेचं काढताना त्याला दिसतं की रेघ उमटली नाही, मग तो पुन्हा शाई घेतो. मधलं दिसतच नाही. त्यानं रुव्हिएला काढलंय, मुली, पाण्यानं काढलंय.

त्या दिवशी तो जेवायला बसला नाही. तुझ्यावर राग नाही. उलट म्हणाला, “पोरगीनं काय सुंदर कारण शोधलंय, मला आधी सुचलं असतं तर.” पण टाक हातात धरलेला नाही त्यानंतर.

शेवटचं पान टेबलावर तसंच पडून आहे. पत्र आल्याच्या आदल्या दिवशी त्यानं ते पुरं केलं होतं.

तू त्याला काही लिही. खरं लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तेरेझ

*

आंगुलेम, ८ मार्च १९९७

आदरणीय केनेल साहेब,

तेरेझबाईंनी मला सगळं लिहिलं. त्यांना रागावू नका. मला माहीत नसल्यासारखं लिहिता आलं असतं, चार वेळा तसं लिहूनही पाहिलं, पण ते पत्र तेरेझबाई तुम्हाला वाचून दाखवणार आणि त्यांच्या आवाजावरून तुम्हाला कळणार.

माझी चूक झाली. जे तुमच्या हातून निसटलं त्याला मी तुमची युक्ती समजले आणि साबीनबाईंशी त्यासाठी भांडले. आता त्यांना काय सांगू? ‘मुद्दाम आहे’ म्हणणं खोटं. ‘चुकून झालं’ म्हटलं तर त्या दुसऱ्या चित्रकाराला बोलावणार. आणि तरीही त्या पानांसमोर मला जे वाटलं ते खोटं नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटचं पान टाकू नका. कुणाला ते पुसू देऊ नका. मी येऊ का?

मातिल्द

*

ल हाव्र, १३ मार्च १९९७

मातिल्द,

मी बोलतोय, तेरेझ लिहितेय. (तो फार भरभर बोलतो.) येत्या शनिवारच्या गाडीनं ये. रंगवलेली पानं आण, फिल्म आण. (आणि जेवायला ये म्हणावं. मासे आहेत.) तुझ्या आईला सांग की खुनी आंधळा झालाय, आता भीतीचं कारण नाही. (हे लिहायचं नाही असं मी म्हटलं होतं.) साबीनला मी अजून काही कळवलेलं नाही. आधी तू काय केलंयस ते बघतो. बघतो म्हणजे कसं, ते आलीस की कळेल.

ओगुस्त. (सही त्यानं स्वतः केली, म्हणून ती कोपऱ्यात आहे.)

*

ल हाव्र, १६ मार्च १९९७

प्रिय बाबा,

गाडीची वाट बघत स्टेशनवर बसून लिहिते आहे. हे मनातून ओसरायच्या आत तुम्हाला सांगायचं आहे.

केनेल साहेब उंच आहेत आणि समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघत बोलतात. जेवण झाल्यावर तेरेझबाईंनी टेबल पुसलं, मी पानं मांडली आणि एकेकावर फिल्म ठेवली. ते मान वळवून, एका बाजूनं बघू लागले. तेरेझबाई म्हणाल्या, “हा आता कोंबडीसारखा बघतो, हसू नकोस.” मला हसू येत नव्हतं.

एका पानावर ते फार वेळ थांबले. बोट ठेवून म्हणाले, “हा कोण?”

“रुव्हिए,” मी म्हटलं. “म्हणजे त्याची जागा. मी खोलीतले रंग तिथे जाऊ दिले.”

तेरेझबाईंनी नळ बंद केला. आपल्याकडे गालिचा उलटल्यावर जशी शांतता होते तशी होती ती, बाबा. मग ते म्हणाले, “जिनेटनं त्याला आतून कधी रंग दिला नव्हता. त्याच्यात काही आत आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं.”

त्यानंतर त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. भोवती सगळं काळ्या शाईत होतं, बॉयलर, पातेलं, वाडगा धरलेला आजींचा हात, डावीकडे खिडकी. मधोमध कोरं. तुम्ही लोकरीचा पोत बघायला लड तिरकी धरता तसं मी ते पान उजेडात तिरकं धरलं. आणि तो तिथे होता. शाई नसलेल्या टाकाच्या टोकानं कागदावर चर पडले होते, भुवया, नाक, ओठांची कड, टोपीशिवायचे केस. इतक्या वर्षांत कुणी न पाहिलेला चेहरा, अख्खा, माझ्याकडे बघणारा. मी कोपर टेबलावर टेकवून पान आणखी जवळ घेतलं.

“आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“जागेवर आहे? डोळे नाकाखाली नाहीत ना गेले?”

“सगळं जागेवर आहे. तो…”

“नको सांगू.” त्यांनी स्वतःचं बोट त्या चरांवरून हळूहळू फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

तेरेझबाई मागून डोकावत होत्या. म्हणाल्या, “पण खिडकी उघडी कशी रे? तू तर म्हणाला होतास तो लावून घेतो.”

“लावलीच आहे.”

“उघडी आहे.”

“तेरेझ, खिडकी कडेला आहे. कडेचं मला दिसतं.”

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना पत्रांवरून ठाऊक होतं. “उघडी आहे,” मी म्हटलं. “दोन्ही दारं. पडदा वाऱ्यानं आत आलाय. बॉयलरमधून गळलेला गॅस सगळा बाहेर जाईल.”

मग आम्ही तिघांनीही एकदमच डावीकडे बघितलं. तेरेझबाई माशांचा वास जावा म्हणून रोज सकाळी खिडकी उघडतात. निळ्या चौकड्यांचा पडदा आत येऊन फडफडत होता, अगदी पानावर होता तसाच. त्यांनी कडेच्या नजरेला जे दिसलं ते काढलं होतं.

“म्हणजे म्हातारी वाचली,” तेरेझबाई म्हणाल्या. “एवढी पुस्तकं झाली, शेवटी एक तरी वाचली. तीसुद्धा माझ्यामुळे.”

केनेल साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. कुणीतरी आपल्या घरात येऊन आपल्याच नकळत काही ठेवून गेलंय आणि ते काय आहे हे आपण हातानं चाचपतोय, तसा.

थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं. चर आहेतच, दुसरा चित्रकार त्यावरून शाई फिरवू शकतो. खिडकी बंद करायला दोन सरळ रेघा पुरतात. “तू काय करशील?”

मी म्हटलं, “आजी वाचाव्यात असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय, म्हणून माझं मत घेऊ नका.”

ते म्हणाले, “विचार करतो.” आम्ही तिथेच सोडलं. गाडी आली आहे.

तुमची,
मातिल्द

*

ल हाव्र, २५ मार्च १९९७

मातिल्द,

पुन्हा तेरेझ लिहितेय. आज मी सावकाश बोलतोय, तिनं तक्रार केली म्हणून.

साबीनला सकाळी फोन केला. डोळ्यांचं सांगितलं. तिनं विचारलं, “आणि ती भोकं?” मी म्हटलं, ती माझ्या डोळ्यांतली आहेत, पण आता पुस्तकाची झाली आहेत, कुणी बुजवायची नाहीत. मी मुद्दाम केलं असं मी तिला सांगितलं नाही. नंतर बघून ठेवून घेतलं असं सांगितलं. तुझं मन त्यानं शांत व्हावं. जे हातून झालं ते आपण पाहिलं आणि राहू दिलं, एवढं तरी आपलं असतं. साबीन म्हणाली, “बरं, पण पुस्तक परत आलं तर तुझ्या घरी पाठवीन.” म्हणजे तिनं होकार दिला.

खिडकीच्या दोन रेघांसाठी मी परवा पट्टी घेऊन बसलो होतो. दौत नीट हुंगून बघितली होती, शाईचीच होती. तरी रेघ मारली नाही. इतकी वर्षं हा माणूस कुठे जातो, काय करतो, सगळं मी ठरवलं. रोज त्याला कुणाच्या तरी दारात उभा केला. या वेळी मी बघत नव्हतो तेव्हा तो आत गेला आणि त्यानं खिडकी उघडली. कारण काही का असेना. माझ्या हातानं ते केलं आणि मला विचारलं नाही. ते बंद करायचा अधिकार मला आहे असं वाटेना.

पान आज छायाचित्रणाला गेलं. चर त्यात येणार नाहीत. चेहरा मूळ कागदावर राहील, आणि तो कागद मी जिनेटच्या टेबलाच्या खणात ठेवणार आहे. निळी छाया तुझ्याकडे येईल तेव्हा मध्ये काही नसेल. तिथे काय लावायचं ते तू ठरव. मला आधी सांगू नकोस. पान घेऊन इथे ये, टेबलावर ठेव, वर फिल्म ठेव आणि मला बघू दे. तुमच्याकडे करतात तसं. सगळ्यांचं बघून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

ओगुस्त

मी बोलणार, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि येताना जाड स्वेटर आण. स्वयंपाकघराची खिडकी तो आता मला लावूच देत नाही.

तेरेझ